आडोसाही हवा, उजेडही हवा : काच घरच्या घरी दुधी करताना

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात दिवेलागणीला फिरलं की खिडक्यांवर वर्तमानपत्रं दिसतात. आतून खळीने किंवा चिकटपट्टीने लावलेली, उन्हाने पिवळी पडलेली. बारावीच्या आणि ‘नीट’च्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात. समोर दुसरं वसतिगृह, मध्ये जेमतेम एक बोळ. पडदा ओढला तर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, उघडा ठेवला तर समोरच्याला आपल्या ताटातली भाजीही दिसते. मग कागद लागतो. नांदेडला भाग्यनगर, श्यामनगरच्या खोल्यांची तऱ्हा वेगळी नाही.

ही अडचण मुलांपुरती नाही. दोन्ही शहरांत गुंठेवारीच्या वस्त्या पुष्कळ. वीस बाय तीसचा प्लॉट, भिंतीला भिंत लागून घर. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, बांधकामं नियमित करून घ्यायची वाट मोकळी झाली. पण दोन घरांमधलं अंतर काही कायद्याने वाढत नाही. यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या झोपायच्या खोलीवर उघडते. शेजाऱ्याने अशी खिडकी नव्याने काढली तर काय, याचा विचार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सापडतो. गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खासगीपणाला बाध येईल अशी नवी खिडकी काढता येत नाही, असं उदाहरणच कलम १८ खाली दिलेलं आहे. पण रूढी सिद्ध करायची म्हणजे कोर्टाच्या तारखा आल्या. त्यापेक्षा आपली काच दुधी करून घेणं स्वस्त पडतं आणि शेजारही टिकतो.

जुन्या माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता. भिंती दोन-अडीच फूट जाड, खिडकी असलीच तर वीतभर, आणि उजेड यायचा तो सवण्यातून, थेट वरून. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या याच जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर या भागात माळवदावरचा विश्वास उडाला तो उडालाच. आता सिमेंटची घरं, मोठ्या खिडक्या, ॲल्युमिनियमच्या सरकत्या झडपा आणि त्यांत स्वच्छ, पारदर्शक तावदानं. उजेडासोबत नजरही घरात आली.

यावर फ्रॉस्टिंगचा स्प्रे हा एक उपाय आहे. चांगला आहे, पण सगळीकडे नाही. कुठे वापरावा आणि कुठे मुळीच वापरू नये, हे आधी सांगतो. फवारायचं कसं ते नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, म्हणून पावसाळ्यानंतर त्यांची काच पोपडे धरते.

काच दुधी का दिसते ते एकदा समजून घ्या. गुळगुळीत काचेतून किरण सरळ येतात म्हणून पलीकडचं चित्र जसंच्या तसं दिसतं. पृष्ठभाग खरबरीत झाला की किरण वाटेल त्या दिशांना विखुरतात. उजेड येतो, चित्र मोडतं. काचवाल्याकडे वाळूचा मारा करून काच अशी खरबरीत करतात, त्याला सँडब्लास्ट म्हणतात. कारखान्यात हेच काम आम्लाने होतं. स्प्रेमध्ये काच तशीच राहते. पारदर्शक रेझिनमध्ये मिसळलेले अतिबारीक कण तिच्यावर बसतात आणि द्रावक उडून गेला की कणांचा पातळ थर मागे राहतो. म्हणून साधा पांढरा स्प्रे पेंट आणून हे काम होत नाही. तो उजेडच अडवतो आणि काच चुना फासल्यासारखी दिसते. कॅनवर ‘फ्रॉस्टेड ग्लास’ किंवा ‘फ्रॉस्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. लातूरला गंजगोलाईच्या परिसरात किंवा नांदेडला वजिराबादेत हार्डवेअरच्या दुकानात विचारा. रंगीत स्प्रेचे कॅन कुठेही मिळतात, फ्रॉस्टचा मागवून घ्यावा लागण्याची शक्यता जास्त.

विखुरण्याच्या या तत्त्वातूनच एक गोम निघते. खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत पाणी किंवा तेल भरलं की विखुरणं कमी होतं आणि काच पुन्हा आरपार दिसू लागते. सँडब्लास्ट काचेच्या खरबरीत अंगावर साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावून बघा, तेवढ्या पट्टीतून पलीकडचं दिसेल, कारण गोंद खाचा भरून काढतो. याचा अर्थ असा की दुधी केलेली बाजू नेहमी आपल्या ताब्यात, घराच्या आतल्या अंगाला, आणि कोरडी राहिली पाहिजे. बाहेरून फवारलं तर ऊन, पाऊस, धूळ आणि रस्त्यावरच्या पोरांची नखं, या सगळ्यांशी त्या थराची गाठ पडते.

मग न्हाणीघराचं काय? तिथे तर आडोशाची गरज सगळ्यात जास्त, आणि नेमकी आतली बाजूच रोज ओली होते. माझं मत स्पष्ट आहे. पाणी उडतं अशा काचेवर स्प्रे वापरू नका. शॉवरच्या काचेच्या दारावर तर नाहीच. वाफ, साबण, बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि रोजचं घासणं हे त्या थराला झेपत नाही. तिथे कारखान्यातून आलेली दुधी काच किंवा पिनहेड काच बसवून घ्या. झडपांच्या लहान पट्ट्या असतील तर काचवाला मापाने कापून देतो आणि विषय कायमचा मिटतो. छताजवळचा उंच झरोका मात्र अपवाद. तिथवर शिंतोडे जात नाहीत, स्प्रे निभावतो.

स्प्रेची खरी जागा म्हणजे बैठकीची रस्त्याकडची खिडकी, जिन्यातली काच, दाराच्या वरची उभी-आडवी तावदानं, भांड्यांच्या किंवा पुस्तकांच्या कपाटाची दारं, देवघराचं दार, दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीचं पार्टिशन. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एखाद्या छोट्या दवाखान्याला किंवा कापडाच्या दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीला एका सकाळच्या कामात आडोसा मिळू शकतो.

गाडीच्या काचांवर मात्र हा प्रयोग करू नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मबाबत कडक आदेश दिल्यापासून पोलीस काचेकडेच आधी बघतात.

काच कोरायचं क्रीम किंवा आम्ल आणून घरी काच कायमची दुधी करावी, असंही काहींच्या मनात येतं. ते मनातच राहू द्या. काच फक्त फ्लोराइडवर्गीय आम्लांना दाद देते. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. घराच्या ओट्यावर करायचं ते काम नव्हे.

आता नजर मोजू. हे काम संध्याकाळचं. खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र किंवा बटर पेपर तात्पुरता लावा, खोलीतला दिवा लावा आणि रात्री आठच्या सुमारास बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहा. घरातल्या कुणाला तरी आत वावरायला सांगा. मग शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या गच्चीवरूनही एकदा बघा. बहुतेक घरांचं जोतं रस्त्यापासून दीड-दोन फूट उंच असतं. रस्त्याने चालणाऱ्याचे डोळे पाच फुटांवर धरले तर ते तुमच्या आतल्या फरशीपासून तीन-साडेतीन फुटांवरच येतात. खिडकीची कड तीन फुटांवर असेल तर खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा दुधी केला की पादचाऱ्याची नजर अडते. वरचा भाग मोकळा ठेवा. आभाळ दिसतं, कडुलिंबाचा शेंडा दिसतो, उजेड पूर्ण येतो. समोर दुमजली घर असेल आणि नजर वरून खाली येत असेल, तरच पूर्ण काच करावी लागते. चार बाय चार फुटांची खिडकी म्हणजे सोळा चौरस फूट. निम्मी केली तर आठ. तीन-चार हात मारायचे धरले तर एका कॅनमध्ये साधारण तेवढंच होतं. कॅनवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुतेक एकाच हाताचा असतो.

रात्रीची एक गोष्ट कुणी सांगत नाही. दुधी काच चेहरा लपवते, सावली लपवत नाही. दिवा खोलीच्या आतल्या भिंतीवर आणि माणूस काचेजवळ असेल तर त्याची पूर्ण आकृती बाहेरून दिसते, हालचालींसकट. माणूस काचेपासून जितका लांब, तितकी आकृती विरघळते. त्यामुळे कपडे बदलायच्या खोलीत दिवा खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर लावा. सावली आत पडेल. आरशासारख्या चमकणाऱ्या एकतर्फी फिल्मची गोष्ट तर आणखी बिकट. दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही, पण रात्री आत दिवा लागला की तिचा उपयोग संपतो. त्या मानाने दुधी काच दोन्ही वेळा प्रामाणिक.

अभ्यासाच्या टेबलासमोरच्या पश्चिमेच्या खिडकीला स्प्रे मारण्याआधी थांबा. तिरपं ऊन दुधी काचेवर पडलं की सगळं तावदानच पेटल्यासारखं उजळतं आणि डोळे दिपतात. आणि हो, दुधी काचेने खोली गार होते हा गैरसमज आहे. ऊन आतच येतं, फक्त पसरून येतं. नांदेडचा मे महिना काचेवरच्या पातळ थराने हटत नाही. त्याला बाहेरून छज्जा, जाळी किंवा वाळ्याचा पडदाच पाहिजे.

हवामानाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. पारा बेचाळीसच्या वर असताना फवारलं तर द्रावक हवेतच उडतो, कण काचेवर पोहोचेपर्यंत कोरडे होतात आणि हात फिरवला की पीठ सुटतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उलटी गंमत होते. द्रावक उडताना काच गार पडते, तिच्यावर ओल धरते आणि थरात ढगाळ चट्टे राहतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. सकाळी नऊ-दहानंतर, दव उडालेलं, ऊन काचेवर आलेलं नाही आणि वारा सुटलेला नाही, अशी वेळ गाठा. रंगरंगोटी दिवाळीच्या आधी उरकायची घाई असेल तर हवा कोरडी झाली आहे एवढं बघून घ्या. काच हाताला कोमट लागत असेल तर थांबा.

आणि कॅन कुठे ठेवता ते पाहा. त्यात दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो, ५० अंशांवर ठेवू नका असं त्यावर छापलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हा आकडा एप्रिलमध्ये सहज ओलांडला जातो.

शक्य असेल तर झडप काढूनच काम करा. सरकत्या खिडकीची झडप वर उचलून खालची कड आपल्याकडे ओढली की रुळातून निघते. दोघांनी धरा, पाच एमएमची काच दिसते त्यापेक्षा जड असते. झडप गच्चीच्या सावलीत किंवा व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवायची. वाऱ्याने धूळ बसू नये म्हणून फ्रीजचं मोठं खोकं आडवं करून त्यात झडप उभी केली तर छान आडोसा होतो. जागेवरच फवारायचं असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद, देवघरातली समई शांत, उदबत्ती नाही, इन्व्हर्टरची बॅटरी त्याच खोलीत असेल तर तो बंद. कूलर तर नक्कीच बंद. खिडकीतला कूलर बाहेरचा वास ओढून घरभर पसरवतो. धुळीचा साधा मास्क कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो, नाहीतर मोकळी हवा. दम्याचा रुग्ण, गरोदर बाई, लहान मूल यांना त्या दिवशी दुसऱ्या घरी चहाला पाठवा.

आता खरं काम, म्हणजे धुणं. फवारा बिघडतो तो हाताने कमी, काचेवरच्या मळाने जास्त. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग धरलेले असतात. नुसत्या साबणाने ते जात नाहीत, आणि त्यांच्यावर फवारलं तर ते थराखाली कायमचे कैद होतात. पांढरं व्हिनेगर, किंवा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, यात कापड भिजवून डागांवर दहा-पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासा, धुवा. इथे सावध राहा : आपल्याकडे खिडकीची कड कडप्प्याची नाहीतर शहाबादी फरशीची असते. दोन्ही चुनखडीचे दगड. आम्ल सांडलं की चकाकी जाऊन तिथे मंद डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. म्हणूनही झडप काढून धुणं बरं. जुन्या कागदाचे चिकटलेले तुकडे कोमट पाण्याने भिजवून ब्लेडने काढा. शेवटी साबण, स्वच्छ पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर स्पिरिटने एकदा पुसून घ्या. कापड जुनं सुती, धोतराचं किंवा पंच्याचं, टेरिकॉटचं नको. स्वयंपाकघराच्या काचेवर फोडणीचा चिकट थर असतो, तिथे स्पिरिटचा हात दोनदा. त्यानंतर बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचा ठसा थराखालून हमखास वर येतो.

चौकटीला आणि रबराच्या पट्टीला मास्किंग टेप लावा. टेप नखाने दाबून बसवा, त्याच्या बाहेर वर्तमानपत्राचा पदर जोडा. फवाऱ्याचे कण हवेवर तरंगत लांब जातात, शेजारी उभी स्कूटर असेल तर ती हलवा.

कॅन हलवायला सुरुवात केली की आतली गोळी खडखडते. ती खडखडायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवत राहा; कण तळाला बसलेले असतात. आधी काचवाल्याकडून आणलेल्या तुकड्यावर किंवा जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर हात बसवा. कॅन काचेपासून वीत-सव्वा वीत, म्हणजे पंचवीस-तीस सेंटिमीटरवर धरायचा. फवारा काचेच्या बाहेर सुरू करून सरळ रेषेत नेऊन पलीकडे बाहेरच थांबवायचा. काचेवर थांबलात की ओघळ आलाच. मनगट फिरवू नका, पूर्ण हात सरकवा. मनगट फिरलं की मध्ये दाट आणि कडेला विरळ बसतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात मारल्यावर काचेवर काहीच झालं नाही असं वाटतं. इथेच माणसाचा धीर सुटतो आणि तो त्याच जागी पुन्हा फवारतो. तसं करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाळू द्या, मग दुसरा हात आडव्याऐवजी उभा. तिसऱ्या हातानंतर काचेमागे वीतभर अंतरावर आपला पंजा धरून बघा. बोटं मोजता येत असतील तर आणखी एक हात. ओघळ आलाच तर बोटाने निपटायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, पुसा आणि वरून एक पातळ हात मारा. काम झालं की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, तोटी मोकळी राहील.

टेप शेवटच्या हातानंतर थर किंचित ओला असतानाच काढायचा, तिरपा, सावकाश. पूर्ण वाळल्यावर ओढला तर थराची कडही बरोबर येते. अर्ध्या तासात थर हाताला वाळलेला लागतो, पण पक्का व्हायला आठवडा द्या. तोवर पाण्याचं फडकं नाही. वरून संरक्षणासाठी क्लिअर कोट मारायचा असेल तर मॅटच. चकचकीत क्लिअर कोट सगळ्या खाचा भरून काढतो आणि काच पुन्हा आरपार होते. चिकटपट्टीच्या प्रयोगात जे झालं तेच.

नक्षीची हौस असणाऱ्यांना आपल्याकडे सामानाची कमतरता नाही. रांगोळीचे प्लास्टिकचे छाप घरात असतात. सपाट, कडक आणि नीट टेकणारा घ्या, मागून हलका चिकटवा आणि थेट वरून फवारा. कमळ, कोयरी, मोर सगळं उमटतं. जाळीचा जुना पडदा ताणून बसवला तर लेसची नक्षी येते. पिंपळाचं पान, कडुलिंबाची डहाळी, ज्वारीचं कणीस हे दोन दिवस पुस्तकात दाबून सपाट केलं आणि काचेवर चिकटवून फवारलं की पानाची जागा पारदर्शक राहते आणि भोवती दूध. उदगीरकडच्या लोकांना बिदर जवळ. बिदरी कामातल्या फुलांच्या वेलपट्ट्या काचेच्या कडेला फार शोभतात, कारण ती नक्षी मुळातच दोन रंगांत, भरीव आणि मोकळ्या जागेत विचार केलेली असते. देगलूरजवळच्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावरचे पट्टे किंवा निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या भिंतींवरच्या भौमितिक आकृती कागदावर उतरवून घेतल्या तरी बाजारातल्या गुलाबांपेक्षा शंभर पटींनी बऱ्या दिसतील. हा अर्थात माझा पक्षपात.

नक्षी कापायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे रेडियमचं दुकान, पूर्वी गाड्यांच्या नंबरप्लेट करायचे ते. त्यांच्याकडे संगणकावर चालणारं कटिंग यंत्र असतं. चित्र दिलं की चिकट व्हिनाइलमध्ये कापून देतात. ते काचेवर लावायचं, फवारायचं, काढायचं. अक्षरं हवी असतील तर हाच मार्ग धरा. पुठ्ठ्यात देवनागरी अक्षरं कापायला गेलात की ‘व’, ‘क’, ‘ष’ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात आणि शिरोरेघेपाशी पुठ्ठा लोंबकळतो. मध्ये पूल सोडावे लागतात आणि अक्षर विद्रूप होतं. आणखी एक : फवारा आतून मारायचा आणि नाव बाहेरून वाचायचं, म्हणजे छाप उलटा लावायचा. दवाखान्याच्या दारावर उलटं उमटलेलं डॉक्टरांचं नाव गावभर चर्चेला पुरतं. हेच दुकानदार फ्रॉस्टेड फिल्मही लावून देतात. मोठं, सलग क्षेत्र असेल, काच रोज पुसावी लागत असेल, तर मी फिल्मच सुचवीन. नक्षी आणि लहान, वेड्यावाकड्या आकाराची तावदानं यांत स्प्रे पुढे जातो.

ॲक्रिलिक किंवा पीव्हीसीच्या पत्र्यावर हा स्प्रे आधी कोपऱ्यात तपासल्याशिवाय मारू नका, द्रावकाने पत्रा तडकल्यासारखा दिसू लागतो. काचेवर मात्र चिंता नाही. नको झालं की साबणाच्या पाण्याने भिजवून ब्लेड तिरपं धरून खरवडा, उरलेलं थिनरने किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने पुसा. एरवी निगा एवढीच : कोरडं मऊ कापड, फार तर किंचित ओलं. घासणी नको, काच पुसायचे अमोनियावाले फवारेही नकोत.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना मी स्प्रेही सुचवणार नाही. घरमालकाशी वाद, वर कॅनचा खर्च. पातळ पांढरं मलमल किंवा नेटचं कापड मापाने कापा, कॉर्नफ्लॉवरची पातळ खळ शिजवून त्यात बुडवा आणि काचेवर आतून हाताने सपाट बसवा. वाळलं की ते काचेला धरून राहतं, उजेड येतो, नजर अडते. वर्ष संपलं की ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढायचं, काच जशी होती तशी. खळीला झुरळं येतात, म्हणून चिमूटभर तुरटी घाला आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यापासून हे कापड लांब ठेवा.

रिकामा कॅन ठोकू नका, भोक पाडू नका, कचऱ्याच्या ढिगात पेटवू तर मुळीच नका. घंटागाडीत वेगळा द्या. आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी रस्त्याकडच्या खिडकीला आधी हात घालू नये. भांड्यांच्या कपाटाचं एक दार करून बघा. ते मनासारखं जमलं तरच पुढचा कॅन विकत घ्या.